डावा कोपरा कोणाचा?

प्रश्न : कॉलेजच्या संघात दोन डावे कोपरारक्षक, एकाच्या पकडी जास्त, दुसऱ्याच्या चुका कमी. प्रो कबड्डीच्या लिलावाआधी उजवा कोण? (एक वाचक, परतवाडा)

उत्तर : डाव्यांत उजवा निवडायचा, म्हणजे पंचाईतच! चढाईपटूने बोनससाठी पाय टाकला की पहिला झेपावतो. घोटा हाती आला तर टाळ्या, निसटला तर स्वतःच बाहेर. दुसरा मात्र शेजारचा कव्हर बचावपटू जवळ येईपर्यंत दम धरतो.

लिलावात या जागेला मोल आहेच : २०१८च्या लिलावात यू मुम्बाने १ कोटी रुपये मोजून घेतलेला इराणचा फजल अत्राचलीही डावा कोपरारक्षकच.

सात जण मैदानात असताना दुसराच बरा. तीन किंवा कमी उरले, की मात्र यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात. तिथे पहिल्याचा धसमुसळेपणा कामी येतो.