न्हाणीघरातला पंखा

पौष महिना आला की धुळे-जळगावकडे थंडी कडक पडते. उन्हाळ्यात भाजून काढणारा आपला खानदेश पहाटे कुडकुडत असतो. अशा वेळी अंघोळीला कढत पाणी हवेच.

पूर्वी अंगणात तांब्याचा बंब असे. त्यात पऱ्हाट्या आणि गोवऱ्या घालीत. धूर वर आभाळात जाई. डोळे चुरचुरले की माणूस आपोआप बाजूला होई. आता अनेक घरांत बंब गेला आणि न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसचा गीझर आला. नळ सोडला की लगेच कढत पाणी येते. सोय चांगली आहे. पण बंब उघड्यावर होता, आणि गीझर कोंडलेल्या खोलीत आहे. हा फरक लहान नव्हे.

धुळ्यास आमच्या ओळखीच्या एका घरी घडलेली गोष्ट ऐका. न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडला होता. "रविवारी मिस्तरीला बोलावू," असे घरधनी म्हणाले. गीझर मात्र रोज चालूच होता. थंडी म्हणून खिडकीच्या फटीतही कापड कोंबलेले. तिसऱ्या दिवशी थोरली मुलगी अंघोळीला गेली. पाण्याचा आवाज येत होता. आईने हाक मारली, "अगं, झालं का?" उत्तर नाही. दार फोडले तेव्हा पोर फरशीवर पडलेली! शेजारची मंडळी धावली. कोणी म्हणे, फिट आली, जोडा हुंगवा. कोणी म्हणे, कांदा आणा. एका शहाण्या बाईने मात्र तिला उचलून अंगणात आणवले आणि १०८ नंबरला फोन करविला. दवाखान्यात प्राणवायू दिला, तेव्हा मुलगी शुद्धीवर आली. थोडा वेळ आणखी गेला असता तर?

हे कशाने झाले?

गॅस जळायला हवेतला प्राणवायू लागतो. बंद खोलीत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळेही चुरचुरत नाहीत. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या विषाला तसा वास नाही.

आपले रक्त प्राणवायू वाहून नेते. रावेरहून केळी भरून वॅगन निघते ना, तसेच समजा. वॅगनमध्ये आधीच दगड भरले तर केळी कोठे ठेवणार? हा विषारी वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागा उरत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. मग हातापायांतले बळ जाते. कडी काढायचे कळते, पण हात उठत नाही.

थंड देशांत घर तापवणाऱ्या गॅसच्या यंत्राला स्वतःचा पंखा असतो. पंख्याने हवा ओढली जाते की नाही, हे एक कळ आधी पाहते. मगच आग पेटते. पंखा बंद, तर आग बंद! आपल्याकडे साधा गीझर एका भिंतीवर आणि पंखा दुसऱ्या भिंतीवर. एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही. म्हणून ती कळ आपणच व्हायचे.

पंखा बिघडला तर काय करावे?

१. आधी गीझर बंद करा. पंखा नीट होईपर्यंत पाणी चुलीवर तापवा.

२. पंख्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. ओल्या हाताने काही करू नका.

३. पात्यांवर धूळ, जाळे किंवा पाखराचे घरटे आहे का, ते पाहा. असल्यास काढा.

४. पंखा नुसता घूं घूं करतो पण फिरत नाही, तर बहुधा कंडेन्सर गेला. त्यात वीज साठून राहते. ते काम मिस्तरीचे.

५. दुरुस्तीनंतर कागदाचा कपटा जाळीजवळ धरा. कपटा जाळीकडे ओढला गेला तर पंखा हवा ओढतो आहे.

६. दाराखाली फट ठेवा. बाहेरची हवा आत आलीच नाही तर पंखा काय फेकणार?

पण पंख्यावर सारा भरवसा ठेवू नये. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि पाणी नळाने आत आणावे, हे सर्वांत बरे. ते जमत नसेल तर दार उघडे ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, खोलीत हवा खेळू द्या, मगच अंघोळ करा.

कोणी बेशुद्ध पडले तर दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि गॅस बंद करा. १०८ ला फोन करा. डॉक्टरांना आवर्जून सांगा, "न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू होता." नाहीतर दुखणे मिरगीचे वाटते आणि उपाय चुकतो.

पंख्याच्या दुरुस्तीला थोडे पैसे लागतात, एक दिवस मोडतो. पण विषाची परीक्षा कोणी पाहू नये. "रविवारी बघू" हे वाक्य गीझरच्या बाबतीत बोलूच नये.

प्रश्न

१. बंबाच्या धुरापेक्षा गीझरचे विष अधिक फसवे का?
२. पंखा बंद पडल्यावर पहिले काम कोणते?
३. तुमच्या किंवा शेजारच्या घरी गीझर कोठे बसवला आहे? आज जाऊन पाहा, आणि उद्या वर्गात सांगा.