कबूल केलेली नोकरी नाकारण्याची वेळ आली तर

आपल्या भागात दुकानातील माणूस, शिलाई मशीनवरील कारागीर किंवा हिशेबनीस ठेवताना बोली बहुधा तोंडीच होते. "एक तारखेपासून ये" असे सेठ म्हणतात, "येतो" असे मुलगा म्हणतो आणि व्यवहार पक्का होतो. पण आता दिवस बदलले आहेत. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. मुकुटबनला 2022 मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनचा वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. तरुणाला एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणे येऊ शकते. एका ठिकाणी होकार दिल्यावर दुसरीकडे जास्त पगार मिळत असेल तर काय करावे, हा प्रश्न मुलाला पडतो आणि त्याच्या बापालाही. बहुतेक मुले अशा वेळी गप्प बसतात, फोन उचलत नाहीत. बदनामी होते ती मुख्यतः या गप्प बसण्यामुळे, नोकरी नाकारल्यामुळे नव्हे.

नुकसान कोणाचे होते?

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. थान उलगडून दाखविले आणि गिऱ्हाइकाला पसंत पडले नाही, तर घडी घालून पुन्हा कपाटात ठेवता येते. कापड फाडल्यावर मात्र ते परत घेता येत नाही. नोकरीचेही तसेच आहे. तीन आठवडे आधी नकार कळला तर सेठ दुसरा माणूस पाहू शकतात. ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर कळला तर सगळा हंगाम हातचा जातो.

नुकसान सेठचे एकट्याचे नसते. त्याच जागेसाठी आलेला दुसरा मुलगा "जागा भरली" असे ऐकून परत गेलेला असतो. आपण चार दिवस आधी कळविले तर त्याची रोजी लागू शकते. तिसरा माणूस म्हणजे ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला तो मामू, चाचा किंवा उस्ताद. आपण गेलो नाही तर शब्द त्याचा खाली पडतो. पुढच्या वेळी तो दुसऱ्या एखाद्या गरजू मुलासाठी बोलायला गेला, तर त्याचे कोण ऐकणार?

मोकळीक मागावी

फिकहमध्ये मजुरी व नोकरीच्या कराराला 'इजारा' म्हणतात. दोन्ही पक्षांच्या राजीखुशीने केलेला व्यवहार मागे घेण्याला 'इकाला' असा शब्द आहे. व्यवहार करून पस्तावलेल्या माणसाला मोकळे करणे हे सवाबाचे काम मानले आहे. यातून दोघांनीही धडा घ्यावा. मुलाने नुसते कळवून बाजूला होऊ नये, अदबीने मोकळीक मागावी. सेठनेही ती मोठ्या मनाने द्यावी.

कायदा काय सांगतो?

1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे देकार स्वीकारला की करार होतो. तो कागदावरच असला पाहिजे असे नाही. होकार पत्राने पाठविला असेल, तर ते पत्र समोरच्याच्या हाती पडण्यापूर्वी होकार मागे घेता येतो. त्यानंतर करार मोडल्यास कलम 73 प्रमाणे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. हे कलम दोन्ही बाजूंना लागू आहे. मात्र कोणालाही जबरीने कामावर आणता येत नाही. उचल दिली म्हणून माणसाला बांधून ठेवणे हा तर 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे.

परंतु सही केलेल्या कागदाला किंमत असते. विजया बँकेत लागलेल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षे नोकरी करीन, नाहीतर दोन लाख रुपये भरीन, असे लिहून दिले होते. 2009 मध्ये मुदतीपूर्वीच त्याने राजीनामा दिला. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरविली. ती गोष्ट नोकरीवर रुजू झाल्यानंतरची आहे. तरीही सही करण्यापूर्वी प्रत्येक अट वाचावी, हा बोध सर्वांसाठी आहे.

मुलाने काय करावे?

1. घाईने होकार देऊ नये. दुसरीकडे बोलणे चालू असेल तर "दोन दिवसांची मुदत द्या" असे आधीच सांगावे. मुदत मागण्यात कमीपणा नाही.
2. नकार ठरला की त्याच दिवशी कळवावे. गाव जवळ असेल तर स्वतः जावे, दूर असेल तर फोन करावा आणि मागाहून चार ओळी लिहून द्याव्यात.
3. सेठला सांगितल्यावर त्याच दिवशी शब्द टाकणाऱ्यालाही सांगावे. ही बातमी त्याला बाजारात कळू नये.
4. आजारपणाचे खोटे कारण देऊ नये. वणी, पांढरकवडा, आदिलाबादचे व्यापारी एकमेकांना ओळखतात. खोटे फार दिवस लपत नाही.
5. घेतलेली उचल, किल्ली, मापाची वही, नमुने, जे काही घेतले असेल ते त्याच वेळी परत करावे.
6. एका सेठचा पगार दुसऱ्याला सांगून भाव वाढवीत बसू नये.

पत्राचा नमुना असा ठेवता येईल:

"आदरणीय सेठसाहेब, अस्सलामु अलैकुम. येत्या एक तारखेपासून आपल्याकडे कामाला येण्याचे मी कबूल केले होते. मला दुसरीकडे काम मिळाले असून तिकडे जाण्याचे मी ठरविले आहे. कृपा करून मला या बोलीतून मोकळे करावे. आपण दिलेली उचल सोबत परत करीत आहे. आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहे."

इतके पुरे. लांबलचक सफाई देण्याची गरज नाही.

सेठनेही सांभाळावे

नकार आला तर मुलाची कागदपत्रे अडवू नयेत आणि दुकानोदुकानी त्याची निंदा करू नये. परत पाठविलेल्या दुसऱ्या उमेदवाराला लगेच बोलवावे. याच कारणासाठी दुसऱ्या पसंतीच्या मुलाचा पत्ता लिहून ठेवण्याची सवय लावावी. आणि माघार सेठलाच घ्यावी लागली तर त्याची जबाबदारी अधिक मोठी आहे, कारण मुलाने आपल्या भरवशावर जुने काम सोडलेले असते. त्याला ताबडतोब कळवावे, बुडालेली मजुरी द्यावी आणि ओळखीच्या दुकानात त्याच्यासाठी शब्द टाकावा.

आज नकार देणारा मुलगा उद्या स्वतःचे दुकान टाकतो आणि त्याच सेठकडून उधारीवर माल घेतो. त्या दिवशी सेठला एवढेच आठवते की, हा मुलगा समोर येऊन बोलला होता की तोंड चुकवून गेला होता.