बोटीच्या फळीला भोक

आम्ही आणे पठारावरची माणसे. इथे प्यायच्या पाण्याची ओढाताण, बोट कुठली? पण मुंबईच्या बंदरात वेगाच्या बोटी धावतात. वेग घेताना बोटीचे तोंड वर उठते, समोरचे दिसेनासे होते. म्हणून काही बोटींना मागच्या फळीशी, अगदी खाली, दोन पत्रे बिजागरीने बसवतात. ट्रॅक्टरचा नांगर तेलाच्या दाबाने उचलतो ना? तशाच दाबाने पत्रे खाली वळतात. बोटीचे बूड उचलते, तोंड खाली येते.

तेलाची नळी न्यायला फळीत भोक हवे. बोट आधी जमिनीवर ओढावी. फळीला बाहेरून फायबर, आत पुष्कळदा लाकूड. भोक पाडले की ते उघडे पडते. त्याला पातळ राळ पाजून सुकू द्यावे. मग भोकात समुद्राचा चिकट मसाला भरूनच नळी बसवावी. मसाला नुसता वरून फासला, तर पाणी आत मुरते. फळी बाहेरून चकचकीत, आतून भुसा! मग स्क्रू पकड सोडतात.