चहातली शुगर-फ्री गोळी

प्रश्न: मला मधुमेह आहे. चहात साखरेऐवजी शुगर-फ्री गोळी घालते. शुगर वाढेल का? वजन उतरेल का?

उत्तर: गोळीतल्या सुक्रालोजने किंवा अ‍ॅस्पार्टेमने शुगर लगेच वाढत नाही, चहापुरती चालेल. वजनासाठी मात्र तिच्यावर विसंबू नका. मधुमेह नसलेल्यांना वजन घटवण्यासाठी हे पदार्थ वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. मला जास्त काळजी वाटते ती ‘शुगर-फ्री’ पेढे-बर्फीची. खवा तोच, तूप तेच, आणि निर्धास्तपणे एकाऐवजी चार खाल्ले जातात. चहाबरोबरच्या खारी-टोस्टातला मैदाही शुगर वाढवतोच. खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. इन्सुलिन घेत असाल आणि शुगर उतरून घाम, थरथर सुरू झाली, तर खरी साखरच खा. तिथे ही गोळी कामाची नाही.