जुनी स्कँडिनेव्हियन चांदी: मोडीचा भाव आणि खरी किंमत

डेन्मार्क-नॉर्वेहून आलेला जुना चांदीचा ब्रोच घेऊन बेंगळुरूच्या नगरथपेठेत गेलात, तर तिथे त्याचं वजन कळेल, टंच कळेल. किंमत मात्र कळेलच असं नाही. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडून देशभर पसरलेले गलाईवाले आटणीचा हिशेब चोख सांगतात. तो हिशेब धातूचा असतो, घडणीचा नाही.

तरी पहिला आकडा तोच काढावा. डाग ४० ग्रॅमचा आणि शिक्का ८३० असेल, तर शुद्ध चांदी ३३.२ ग्रॅम. हिशेबापुरता ग्रॅमला १०० रुपये भाव धरला, तर ३,३२० रुपये. मोडीत देताना यातून घट आणि आटणावळ जाते. विकत घेताना याच्या वरची रक्कम ही कारागिराच्या नावाची आणि डागाच्या अवस्थेची; दुकानातून घेतल्यास वर ३ टक्के जीएसटी. परदेशातून मागवलात तर सीमाशुल्क आणि पाठवणीचा खर्च धरूनच भाव ठरवा.

आपल्याकडे ९२५ची सवय, म्हणून ८३० पाहून अनेकजण नाक मुरडतात. तसं करू नका. उत्तर युरोपात एके काळी हीच रोजची शुद्धता होती. भिंगाखाली डागाची मागची बाजू पाहा: डेन्मार्कच्या जुन्या चांदीवर तीन मनोरे, स्वीडनच्या चांदीवर तीन मुकुट आणि सोबत वर्ष सांगणारं अक्षर, फिनलंडच्या चांदीवर हृदयात मुकुट. १९०४ साली कोपनहेगनमध्ये सुरू झालेल्या जॉर्ज येन्सनचं किंवा नॉर्वेच्या डेव्हिड-अँडरसनचं नाव असेल, तर मोडीच्या भावात देणं म्हणजे शुद्ध नुकसान. नुसतं ‘अल्पाका’ लिहिलेलं असेल, तर ती चांदीच नव्हे.

लोहचुंबकावर विसंबू नका. जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. तपासणी एक्सआरएफ यंत्रावर करून घ्या, फी आधी विचारा. नॉर्वेच्या मीनाकारीच्या डागांवर बरेचदा सोन्याचा मुलामा असतो, त्यामुळे यंत्राचा आकडा फसवा येऊ शकतो. शिवाय मीन्याचं वजन चांदीत धरायचं नसतं. अशा डागाला कानस किंवा तेजाब लावू देऊ नका. तडकलेला मीना पूर्ववत करणं फार अवघड, म्हणून तडा दिसला तर भाव पाडूनच मागा.

आणि नक्षीच्या खाचांतला काळेपणा घासून काढू नका. तो बरेचदा कारागिराने मुद्दाम ठेवलेला असतो. पॉलिशवाल्याकडे देण्याआधी हे स्पष्ट सांगा.