सुपारी फुटण्याआधी एवढं कर

बाय गो, हिमोग्लोबिन दहावर आलं म्हणून घाबरू नकोस. पण नुसत्या गोळ्या गिळत वर्षानुवर्षं बसूही नकोस. आपल्याकडे बाईचं रक्त कमी म्हटलं की नाचणी, लाल माठ आणि लोहाच्या गोळ्या, एवढ्यावर विषय मिटतो. पुष्कळजणींना त्याने गुण येतोही. गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नसेल, तर मात्र हिमोग्लोबिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघायला हवं.

तुझा सीबीसीचा कागद काढ. एमसीव्ही ८० च्या खाली आणि लाल पेशी मात्र ५० लाखांच्या वर दिसल्या, तर डॉक्टरांना सरळ विचार, "एचपीएलसी करूया का?" जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडं रक्त घेतात, उपाशी जावं लागत नाही. मशीन हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून आलेख काढतं. मोठ्या माणसात बहुतेक 'ए' असतं, 'ए-टू' साधारण २ ते ३.५ टक्के. ते ४ च्या वर गेलं, तर बहुधा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे त्या आजाराची नुसती वाहक. 'एस' दिसलं, तर सिकलसेलचा विचार करतात. साखरेसाठी करतात ती एचबीएवनसी वेगळी, तिच्यावर विसंबू नकोस. अंगात लोह फार कमी असेल तर 'ए-टू' कमी दिसू शकतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेही आधीच सांग.

मायनर निघालीस तरी रडायचं नाही. मायनर बायका नोकरी, संसार, बाळंतपण सगळं निभावतात. प्रश्न येतो तो दोघंही मायनर असले तर. मग प्रत्येक खेपेला बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे खरा आजार, होण्याची शक्यता २५ टक्के, आणि त्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. म्हणून होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी हवीच. दिवस राहिल्यावर कळलं, तर पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना गाठायचं. त्या वेळी गर्भाची तपासणी करता येते.

"मुलीत खोट काढतील" म्हणून आई गप्प बसवेल. तिला सांग, हे आईकडून येतं तसं बापाकडूनही येतं, यात कुणाचा दोष नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. होणारा नवरा मुंबईत असेल, तर परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे रक्ताच्या अशाच आजारांचं काम चालतं.

चतुर्थीला तो गावी आला की स्वतः विषय काढ. सुपारी फुटण्याआधी दोघांचेही रिपोर्ट हातात असू देत.