आकडा तोच, रकाना चुकलेला

लिनक्स कर्नलसाठी टनेलचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला, किंवा जुना ड्रायव्हर दुरुस्त करायला घेणाऱ्याला, मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगेन: हेडरची लांबी भरण्यापूर्वी तो हेडर लिहिणार कोण, हे ठरवा. कर्नलमध्ये प्रत्येक नेटवर्क डिव्हाइसच्या नोंदीत यासाठी दोन रकाने आहेत. ‘हार्ड हेडर लेंथ’ हा जुना, ‘नीडेड हेडरूम’ हा 2008 साली आलेला. पहिला सांगतो की पॅकेट ड्रायव्हरच्या हाती येईल तेव्हा त्याच्या पुढे किती बाइटचा हेडर आधीच तयार असेल. दुसरा सांगतो की त्यानंतर ड्रायव्हरला स्वतः आणखी किती बाइट पुढे जोडायचे आहेत. वहीत समास किती सोडायचा हा एक प्रश्न, आणि त्या समासात कोणी काय लिहायचे हा दुसरा. इतका सरळ हा फरक आहे. तरीही वर्षानुवर्षे अनेक ड्रायव्हरांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या रकान्यात भरले, आणि ते खपूनही गेले. कारण बफरमध्ये जागा राखताना कर्नल दोन्ही आकड्यांची बेरीज करतो आणि ती सोळाच्या पटीत वर नेतो. आकडा कोणत्याही रकान्यात टाका, बेरीज तीच येते. पिंग चालतो, फाइल जाते, आणि चूक शांतपणे पडून राहते.

ती उघडी पडते पॅकेट सॉकेटवर. या सॉकेटचे दोन प्रकार आहेत. डेटाग्राम प्रकारात वापरकर्ता फक्त मजकूर देतो आणि हेडर कर्नल तयार करतो. रॉ प्रकारात हेडर वापरकर्त्यानेच आणायचा असतो. म्हणून कर्नल आधी पूर्ण जागा राखतो आणि मग हार्ड हेडर लेंथइतकी जागा परत घेतो, कारण तेवढे बाइट वापरकर्त्याने दिलेल्या मजकुरातच असणार असे तो धरून चालतो. आता समजा, ड्रायव्हरकडे हेडर तयार करणारे फंक्शनच नाही, पण त्याने आपल्या गरजेची जागा पहिल्या रकान्यात मागितली आहे. रॉ सॉकेटवरून आलेल्या पॅकेटला ती जागा मिळतच नाही. ड्रायव्हर मागे सरकून हेडर लिहायला जातो आणि बफरच्या सुरुवातीच्याही मागे पोचतो. तिथे कर्नल पॅनिक होतो.

इथरनेटवरून एक्स डॉट ट्वेंटीफाइव्हचा एलएपीबी थर चालवणाऱ्या ड्रायव्हरची 2020 मधली दुरुस्ती या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. पाठवताना हा ड्रायव्हर आधी एक बाइटचा कृत्रिम हेडर काढतो. मग एलएपीबी आपला दोन किंवा तीन बाइटचा हेडर लावतो, त्यापुढे लांबी सांगणारे दोन बाइट, आणि शेवटी खालच्या इथरनेट डिव्हाइसचा हेडर. म्हणजे उणे एक, अधिक तीन, अधिक दोन, अधिक खालच्या डिव्हाइसला लागेल ते. जुलैत ही बेरीज दुरुस्त झाली आणि डेटाग्राम सॉकेटवरचा पॅनिक थांबला. पण दुरुस्त आकडा हार्ड हेडर लेंथमध्येच राहिला होता, त्यामुळे रॉ सॉकेटवर पॅनिक कायम होता. तो थांबवायला पुढची दुरुस्ती लागली: आकडा उचलून नीडेड हेडरूममध्ये नेणे. गणित बरोबर असूनही कर्नल कोसळत होता, हे मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. बेरीज तपासणे सोपे असते म्हणून आपण तीच तपासत बसतो.

उलट चूकही होते. जीआरई टनेलमध्ये साधारणपणे बाहेरचा वीस बाइटचा आयपी हेडर आणि किमान चार बाइटचा जीआरई हेडर ड्रायव्हर स्वतः लावतो. पण पलीकडचे टोक निश्चित नसेल किंवा तो मल्टिकास्ट पत्ता असेल, तर हाच ड्रायव्हर हेडर तयार करणारे फंक्शन पुढे करतो आणि पाठवताना गृहीत धरतो की पहिले चोवीस बाइट तयार होऊनच आले आहेत. त्या बाइटांतून तो पत्ते वाचतो आणि मग ते मागे टाकून पुढे सरकतो. इथे हार्ड हेडर लेंथ चोवीस हवी होती. ती भरलेलीच नव्हती. पॅकेट सॉकेट पाठवण्याआधी हेडर पुरेसा आहे का हे तपासते, पण शून्य लांबीच्या हेडरला कोणतेही पॅकेट पुरेसेच. मग चार बाइटचे पॅकेट आले तरी ड्रायव्हर पहिले वीस बाइट आयपी हेडर म्हणून वाचणार, आणि त्या जागी स्मृतीत जे पडलेले असेल तेच पत्ते ठरणार. 2013 च्या फेररचनेतून आलेला हा दोष सिझबॉट या स्वयंचलित चाचणीने पकडला आणि 2020 च्या ऑक्टोबरमध्ये तो दुरुस्त झाला. दुरुस्तीचा नियम नेमका आहे: हेडर तयार करणारे फंक्शन असेल तेव्हा लांबी पहिल्या रकान्यात, नसेल तेव्हा दुसऱ्या.

यावर पहिला आक्षेप असा येतो की चार बाइट जास्त मागितले तर बिघडते काय? बिघडते, कारण पहिला रकाना जागा राखण्यापुरता वापरला जात नाही. आयपीव्हीफोरमधून आयपीव्हीसिक्स नेणाऱ्या एसआयटी टनेलमध्ये तो सवयीने भरलेला होता, आणि मार्गाचा एमटीयू काढणारे सामायिक फंक्शन तोही वजा करत होते, शिवाय बाहेरचा आयपी हेडर वेगळा वजा करत होते. पंधराशेतून वीस जाऊन 1480 यायला हवेत, तर त्याहून कमी येत. परिणामी टनेलमधून जाणाऱ्या प्रत्येक प्रवाहासाठी एमटीयूचा विनाकारण अपवाद नोंदला जाई. प्रवाह वाढले की त्या नोंदींची सफाई आणि तिच्या कुलपासाठीची झटापट वाढे. नोव्हेंबर 2020 मध्ये तो आकडा शून्य केला गेला. इथे पॅनिक नव्हता, फक्त कारण न सापडणारी मंदगती होती, आणि असा दोष शोधणे जास्त कठीण.

दुसरा आक्षेप: रॉ सॉकेट उघडायला विशेष अधिकार लागतो, मग एवढी चिंता कशाला? पण युजर नेमस्पेस सामान्य वापरकर्त्याला खुल्या असलेल्या यंत्रणांवर तो स्वतःचे नेटवर्क नेमस्पेस उभारून त्यात हा अधिकार मिळवतो, आणि कोसळणारा कर्नल मात्र सगळ्यांचा एकच असतो. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ड्रायव्हरने पाठवताना जागा तपासून कमी पडल्यास बफर वाढवावा, मग रकान्यातला आकडा चुकला तरी चालेल. ही तपासणी असलीच पाहिजे, यात वाद नाही. पण ती फक्त अपुऱ्या जागेवरचा उपाय आहे. न लिहिलेला हेडर लिहिलेला आहे असे समजून वाचण्यावर तिचा काही इलाज नाही, आणि दर पॅकेटला बफर नव्याने घेणे फुकटही नसते.

पहिल्या रकान्यावर विश्वास उरला नाही की काय होते, त्याचाही पुरावा आहे. 2020 मध्ये वायरगार्ड, आयपीआयपी यांसारख्या हेडर नसलेल्या डिव्हाइसांना पॅकेटचा प्रोटोकॉल ओळखण्यापुरता हेडर-फंक्शनांचा संच दिला गेला. त्या संचात हेडर तयार करणारे फंक्शन नव्हते. पण घेणाऱ्या बाजूचे पॅकेट सॉकेट नुसता संच आहे का एवढेच पाहत असे, त्यामुळे हेडर आहे असे समजून ते मागे सरके आणि आयपीआयपीसारख्या डिव्हाइसवरचे पॅकेट विस्कटलेले दिसे. लांबी शून्य आहे का हे पाहणे हा सरळ मार्ग होता. पण अनेक ड्रायव्हरांत ती शून्य नव्हती, म्हणून तयार करणारे फंक्शन आहे का हे विचारावे लागले.

तेव्हा दुरुस्ती करताना डेटाग्राम आणि रॉ अशा दोन्ही सॉकेटांवरून पाठवून पाहा, हेडरपेक्षा लहान पॅकेट मुद्दाम पाठवा, आणि एका टनेलवर दुसरा टनेल चढवून पाहा. जागेचा आकडा चालू असताना बदलत असेल, तर त्याला कमाल मर्यादा घाला. आयपी टनेलच्या सामायिक कोडमध्ये खालच्या मार्गाची गरज पाहून नीडेड हेडरूम वाढत असे, आणि मार्ग फिरून त्याच टनेलवर येत असेल तर ती दर पॅकेटला वाढतच राही. बफरमधली हेडरांची स्थाने सोळा बिटांत नोंदली जातात, म्हणजे 65535 पलीकडे ती खोटी ठरतात. 2024 मध्ये तिथे 512 बाइटांची मर्यादा आली.